कॅप बसवलेल्या दाताने बोंबील पारखण्याची परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापन अधिकारी,
दर्यामाय सुकी मासळी प्रक्रिया व विक्री केंद्र,
जेट्टी रस्ता, आगरदांडा, ता. मुरूड, जि. रायगड.

अर्जदार: सौ. नीराबाई तुळशीराम चोगले, वय ५८, धंदा बोंबील पारखणे, रा. काशीद.
अर्ज लिहिणार: तुळशीराम, अर्जदाराचा नवरा, निवृत्त शिपाई.

विषय: वरीलप्रमाणे, आणि अर्जदारास कामावर परत घेणेबाबत.
संदर्भ: आपले पत्र जा. क्र. १४, दि. ३ फेब्रुवारी २०२५ (पाकिटात मानवी दात आढळल्याबाबत).

महोदय,

१. अर्जदार ही केंद्र सुरू झाल्यापासून अकरा वर्षे बोंबील पारखते. बांबूच्या वलांडीवर सुकवून उतरवलेल्या प्रत्येक राशीतला एक बोंबील उचलायचा, पुढच्या दातांत धरून मोडायचा आणि ‘पास’ किंवा ‘परत उन्हात’ एवढेच सांगायचे, अशी कामाची पद्धत आहे. चावलेला बोंबील पाकिटात जात नाही. तो लिहिणाराच्या कालवणात जातो, हे माहितीस्तव नमूद.

२. दि. ६ जानेवारी रोजी केंद्राच्याच राशीतल्या बोंबलात खडा लागून अर्जदाराचा वरचा पुढचा दात अर्धा तुटला. तिने आधी ‘रास नापास’ असे सांगितले आणि मगच ती रडली. सबब दात कामावर असताना गेला, घरी सुपारी फोडताना नव्हे. अलिबागच्या दातांच्या डॉक्टर प्रणालीताई यांनी रूट कॅनल केले, उरलेला दात घासून बारीक केला, माप घेतले आणि पक्की कॅप तयार होईपर्यंत तात्पुरती कॅप बसवली. ‘हिने कडक काही चावू नका,’ असे त्यांनी दोनदा बजावले होते. अर्जदाराने चकली, चिक्की, ऊस सगळे वर्ज्य केले. बोंबील कडक पदार्थांत मोडतो हे मात्र तिच्या स्वप्नातही आले नाही. ‘बोंबील काय दगुड हाय?’ असे ती आजही विचारते.

३. त्यामुळे दि. १५ जानेवारी रोजी तात्पुरती कॅप निघून राशीत पडली. अर्जदाराने पदर खोचून अख्खी रास दोनदा उपसली, पण कॅप बोंबलाच्या रंगाची असल्याने सापडली नाही. तिने त्याच वेळी केंद्रास कळवायला हवे होते. लाजेपोटी तोंडावर पदर धरून ती घरी आली. ही चूक अर्जदारास शंभर टक्के मान्य आहे.

४. पुढे ठाण्याच्या ग्राहक श्रीमती रुचिका यांचे पत्र आले आणि आपण ‘पारखणीचे काम नैसर्गिक व जिवंत दात असणाऱ्या व्यक्तीकडेच राहील’ असा आदेश काढून पूनम हिला नेमले. पूनम गुणी मुलगी आहे, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत. परंतु ती सोमवार, गुरुवार, शनिवार मासळीला तोंड लावत नाही आणि उरलेल्या दिवशी नाक दाबून लावते. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, इथे दातही आहेत आणि चण्यांचा ढीगही आहे, पण आठवड्यातले तीन दिवस पारखणी बंद. अर्जदार सोमवारीही चावते. ती गिळत नाही, आणि ते देवाला ठाऊक आहे.

५. आता मुद्द्याचे. मेलेल्या दाताला काय कळणार, असे आपण सर्वांदेखत म्हणालात. साहेब, पारख दातात नसतेच, ती कानात असते. सुकलेला बोंबील मोडताना कट्ट वाजतो, ओला राहिलेला बद्द वाजतो, आणि दात तो आवाज फक्त आत पोचवतो. दि. २४ जानेवारीला पक्की कॅप बसल्यावर पहिले आठ दिवस अर्जदारास सगळेच बोंबील बद्द ऐकू आले. मग तिने घरच्या ओटीवर डोळ्यांना फडके बांधून रोज चाळीस बोंबील मोडले. ताट धरायला लिहिणार होता आणि शेजारचे मांजर होते. आता ती चाळीसपैकी चाळीस बरोबर सांगते. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत: ‘दात खोटा हाय, पारख खोटी न्हाय.’

६. लिहिणारास या प्रकरणी स्वतःचेही सांगायचे आहे. घरात ती आता वाट्टेल ते चावून बघते: पापड, भाकरीची कड, एकदा लिहिणाराच्या चष्म्याची काडी. हसताना तोंडावर हात धरते. लग्नाला छत्तीस वर्षे झाली, तिने हसू कधी झाकले नव्हते. फार वाईट वाटते, साहेब.

७. तरी विनंती की, कॅप बसवलेला दात हा अर्जदाराचा स्वतःचाच दात समजण्यात यावा. ते नियमात बसत नसल्यास केंद्रातील सर्वांचे दात तपासावेत. नारळी पौर्णिमेच्या कार्यक्रमात आपण मनापासून हसलात, तेव्हा आपल्या दोन दाढांवर धातूच्या कॅप चमकल्या होत्या. तरीही आपल्या सहीला कोणी मेलेली म्हणत नाही. हेही मान्य नसल्यास रविवार, दि. २३ रोजी सकाळी अर्जदाराची डोळे बांधून परीक्षा घ्यावी. फडके आपले, बोंबीलही आपले. एक जरी चुकला तरी अर्जदार पुन्हा केंद्राची पायरी चढणार नाही.

८. आपल्या आदेशासोबत ग्राहकाच्या पत्राचे पहिलेच पान जोडले आहे. तात्पुरती कॅप आपण पुडीत बांधून परत केलीत. अर्जदाराने रागाने ती पुडी तशीच फडताळात टाकली होती. काल लिहिणाराने उघडली, तेव्हा पुडीचा कागद म्हणजेच त्या पत्राचे दुसरे पान निघाले. ते आपण वाचलेले दिसत नाही. अर्जदाराने काल ते चार वेळा वाचून घेतले, आणि चौथ्या वेळी ती तोंडावर हात न धरता हसली.

रविवारी आपली वाट पाहणारी,
नीराबाई तुळशीराम चोगले (सही)
हस्ते तुळशीराम
काशीद, दि. १८ फेब्रुवारी २०२५

सोबत:
१. डॉक्टरांचा दाखला व दाताचा एक्स-रे.
२. तोच खडा, पुडीत.
३. बोंबील पाच नग, पारखलेले. त्यांपैकी दोन नापास असून ते पूनमने पास केलेल्या राशीतले आहेत.
४. ग्राहकाच्या पत्राचे पान दुसरे. मजकूर: ‘...दात पाकिटाच्या तळाशी निघाला, तोवर आम्ही सगळे बोंबील संपवले होते. माझी आई गेल्यापासून असे खाल्ले नव्हते. दात परत पाठवते आहे, ज्या बाईंचा असेल त्यांना द्या. पुढच्या महिन्यात दोन किलो हवेत, पण त्याच बाईंनी पारखलेले.’