शीटवर न लिहिलेले दोन क्लिक

मंगळवार, मालाड

कार रॅलीच्या टीममध्ये ड्रायव्हर आम्ही दोघंच, निलेश आणि मी. गाड्या सेम. सेटिंग शीटवर लिहायचं, म्हणजे दुसऱ्यालाही लावता येतं. परवाच्या टेस्टआधी मी मागच्या शॉकअपचा नॉब फिरवून ते दोन क्लिक, म्हणजे दोन खटके, ढिले केले, पण शीटवर लिहिलं नाही. माझी गाडी मस्त पळाली; निलेशने शीट बघून जुनंच सेटिंग लावलं आणि मागे पडला. "मीच संपलो रे बहुतेक," म्हणाला.

दोन क्लिक! एवढ्यासाठी? स्वतःचीच लाज वाटायला लागली यार.

आज गॅरेजबाहेर चहा पिताना सांगून टाकलं. तो शांतपणे म्हणाला, "माहितीये. कालच तुझ्या गाडीचे क्लिक मोजले मी. तू सांगतोस का, तेवढंच बघत होतो."

आणि शीट काढून पेन माझ्या हातात दिलं.