काजव्याचा शेवटचा अंक

६ डिसेंबर, जळगाव
असोद्याला भरीत पार्टी. आमच्या जुन्या कॉमिक्सच्या ग्रुपची दरवर्षीची. नको ते बोलून बसलो.

झालं असं की फिरोजभाईंनी पुन्हा काजव्यावर तोंडसुख घेतलं. गादीवाले फिरोजभाई ग्रुपमधले माझे हक्काचे वैरी. त्यांचं पेटंट वाक्य, ‘जो एक ठोसा मारत नाही तो कसला सुपरहिरो? टॉर्च आहे, टॉर्च.’ मी नेहमीचं मांडलं. काजवा, म्हणजे दामू वायरमन, अंगातून उजेड काढतो, आणि दरवेळी त्याची नजर थोडी थोडी जाते. किंमत मोजून चांगलं वागणारा हिरो दुसरा दाखवा. ते म्हणाले, किंमत मोजतो पण काम काय करतो? मालिका बंद पडली ती उगाच नाही पडली. सगळे हसले. माझ्याकडे बघून हसले, हे खरं दुखणं.

मग मी म्हणालो, ‘तुम्ही शेवटचा अंक वाचलाय? मी वाचलाय.’

तो अंक कुणीच पाहिलेला नाही. मीसुद्धा नाही. वांगी कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजत होती तेवढ्यात अख्खा शेवट रचला. आदल्या अंकातला धरणाचा बोगदा कोसळतो. काजवा आतल्या मजुरांना बाहेर काढायला सगळा उजेड ओततो, त्यात त्याचा वैरी काळोखेही वाचतो. काजवा ठार आंधळा होतो. गाव त्याच्या दारात पणत्या लावतं, त्याला दिसत नाहीत, तो त्यांवर तळहात धरून ऊब घेतो. आणि काळोखे रोज सकाळी येऊन त्याचा हात धरून नदीवर फिरायला नेतो.

फिरोजभाई भाकरीचा तुकडा हातात धरून तसेच बसले. मला फार बरं वाटलं. हे लिहून ठेवतो, कारण तेच सगळ्यात वाईट.

७ डिसेंबर
फिरोजभाईंनी ग्रुपवर लिहिलं, ‘इतकी वर्षं मी चूक होतो. काजवा मोठा आहे. भाऊंची माफी मागतो.’ खाली हात जोडलेले.
सुनंदाला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, ‘तुमच्या ट्रंकेतला एकेक अंक मी दर दिवाळीला झटकते. हा कधी वाचलात?’
म्हटलं, लहानपणी, मामाकडे.
‘बरं,’ म्हणाली. तिचं ‘बरं’ म्हणजे पंचनामा.

११ डिसेंबर
कुणीतरी शेवटाचं चित्र काढलं. आंधळा काजवा, शेजारी काळोखे, मागे नदी. ग्रुपचा फोटो आता तोच. चित्र छान आहे.
आज सांगून टाकायला हवं होतं. गंमत केली म्हणायचं, चार शिव्या खायच्या, संपलं. टाइप केलं, पुसलं. हाफिसात एका पॉलिसीवर दुसऱ्याचंच नाव घातलं, साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. बरंच केलं.

१३ डिसेंबर
मेलो. तेजलला काजव्याचे लेखक सापडले. तेजल म्हणजे आमच्यातली धुळ्याची, कॉलेजात शिकवते. तिच्या मावशीच्या गल्लीत, देवपूरला राहतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. हयात आहेत हेच आम्हाला माहीत नव्हतं. उद्या भेटायला जायचं ठरलं. तेजलचा आग्रह, मी पाहिजेच, कारण ‘शेवट फक्त तुम्हीच वाचलाय, काका’.
ताप आल्याचं सांगावं का? सुनंदा म्हणते, जा.

१४ डिसेंबर, धुळ्याहून परत
एसटीत फिरोजभाई शेजारी. खिडकीची जागा मला दिली. पारोळ्याला शेंगदाणे घेऊन दिले. असा माणूस आणि मी असा.

नाना बारीक, स्वेटर, कानटोपी. नात चहा घेऊन आली. आजोबा कॉमिक लिहायचे हे तिला तेजलकडून या आठवड्यात कळलं, घरात कधी विषयच नाही. नाना सारखं म्हणत होते, जाऊ द्या हो, पोरवयातले उद्योग.

फिरोजभाईंना राहवेना. त्यांनी शेवट सांगितला, माझा शेवट, माझ्याहून छान सांगितला. पणत्यांशी आले तेव्हा स्वतःचाच तळहात पुढे धरला त्यांनी. मी कपातल्या सायीकडे बघत होतो. आता नाना म्हणणार, असं मी कधी लिहिलं? जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

नानांनी कप खाली ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. मग नातीकडे. म्हणाले, ‘हो. असाच होता.’

नात म्हणाली, आजोबा, एवढं लिहिलंत आणि बोलला नाहीत? वाकून पाया पडली. नाना तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले.

येताना वाटलं, म्हातारपण, विसरले असतील. केवढा सुटल्यासारखा श्वास घेतला मी. एका म्हाताऱ्याची स्मृती गेली म्हणून मला आनंद झाला. थू.

१९ डिसेंबर
तेजलने २८ तारखेला धुळ्यात नानांचा सत्कार ठरवला. नाना शेवटाबद्दल बोलणार, नात निवेदन करणार.
आणि फिरोजभाई संध्याकाळी दारात. सासुरवाडीला पिंपळनेरला गेले होते, तिथल्या बंद पडलेल्या वाचनालयाच्या गठ्ठ्यात काय मिळालं म्हणे? शेवटचा अंक. प्लास्टिकमध्ये घालून, टेप लावून आणला. स्वतः उघडलेला नाही.
‘माझ्या हाताला गाद्या ओढायची सवय. पानं सुटतील. आधी तुम्ही बघा भाऊ, तुमचा मान.’
सुनंदाने त्यांना चहा दिला. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही तिने.

२१ डिसेंबर
दोन दिवस कपाटावर ठेवला होता. आज सुनंदानेच काढून पुढ्यात ठेवला. उघडला.

अर्ध्या जाहिराती. बियाणं, दंतमंजन, शिकवणी. गोष्ट जेमतेम. शेवटच्या पानावर काजवा बोगद्याच्या तोंडाशी उभा आहे, आत काळोख, आणि खाली पट्टी, ‘काजवा आत जाईल का? वाचा पुढील अंकात!’

पुढचा अंक निघालाच नाही. म्हणजे शेवट नाहीच. काजवा आत गेलासुद्धा नाही.

सुनंदाने माझ्या खांद्यावरून वाचलं. म्हणाली, मग नाना हो का म्हणाले?

२२ डिसेंबर
दिवसभर तेच डोक्यात. विसरले असतील तर मी त्यांच्या विस्मरणावर डल्ला मारला. विसरले नसतील तर सगळं कळून गप्प बसले. खरं सांगितलं तर मी उघडा पडतो, त्याचं काही नाही, पडायलाच हवा. पण नातीसमोर नानाही उघडे पडतील. नाही सांगितलं तर फिरोजभाईंच्या माफीवर मी जन्मभर बसून खाणार.
फिरोजभाईंनी विचारलं, वाचला का? म्हटलं, पानं चिकटलीत, हळूहळू सोडवतोय. पुन्हा खोटं. जिभेला हाड नाही ते असं.

२४ डिसेंबर
दुपारी नानांचा फोन. नंबर तेजलकडून घेतला म्हणाले. आधी थंडीचं बोलले. मग एकदम म्हणाले, तो शेवट माझा नाही.

म्हटलं, माहीत आहे नाना.

छापखाना बंद पडला तेव्हा काजवा बोगद्याशी उभाच राहिला, म्हणाले. लिहायचा प्रयत्न केला, जमेना. पुढे काय होतं हे त्यांनाच माहीत नव्हतं. गल्लीतली पोरं विचारायची, नाना, आत गेला का? नाना रस्ता बदलून जायला लागले. घरी विषय काढायचं सोडलं ते याच लाजेपायी. आणि त्या दिवशी नात पाया पडली, तेव्हा नाही म्हणायला तोंडच उघडेना.

मी सगळं कबूल केलं. भरीत, फिरोजभाई, पिंपळनेरचा अंक, सगळं. म्हटलं, मी सभेत सांगून टाकतो, दोष माझा.

‘सांगायचं तर सांगा. मीही खोटंच बोललो की.’ मग अहिराणीवर आले, घरच्या माणसाशी बोलावं तसे. ‘पन भाऊ, तो शेवट माले पुन्हा सांग. बठ्ठा. सावकाश सांग, मी लिखी लेस.’

सांगितला. सगळाच्या सगळा. मध्ये मध्ये ते ‘हं’ म्हणत होते, पेनाचा आवाज येत होता. काळोखे हात धरतो तिथे त्यांनी थांबवलं. कुठला हात, डावा की उजवा? चित्रकाराला सांगावं लागतं.

मला माहीत नव्हतं. मी तेवढा विचारच केला नव्हता. म्हटलं, नाना, ते तुम्ही ठरवा.

पेनाला टोपण लावल्याचा आवाज आला. मग म्हणाले, बघतो, उद्या कळवतो, आणि फोन ठेवला.

अंक समोर टेबलावर आहे. फिरोजभाईंचा फोन येऊन गेला. सुनंदा म्हणाली, उचला ना. वाजू दिला. म्हटलं, आधी नानांचा हात ठरू दे.