पिवळी कपाटं, निळ्या कडा

४ मार्च

चि. गट्टू यास ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. शाळा सुटली की मी आईकडे असते; तिथे फोन घेतला की ती शेजारी येऊन बसते आणि माझ्या आधी तीच उत्तरं देते, म्हणून. इकडे सगळं ठीक. शाळेत परीक्षा चालू आहेत, प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या धुऊन माझ्या हातांची सालं निघालीत.

कामाचं असं, की आईच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांवर विनाइल, म्हणजे चिकटणारा रंगीत प्लास्टिकचा कागद, चढवून घ्यायचं आहे. दुकानांच्या पाट्या करणारा विनाइलवाला येऊन मापं घेऊन गेला. नवी दारं बसवायची तर माझा सहा महिन्यांचा पगार जाईल. जुन्यांवरच विनाइल चढवलं तर दीड महिन्याचा. त्यातला निम्मा तर मजुरीतच. दारं उतरवायची, बिजागऱ्या सोडवायच्या, वर्षानुवर्षांचं तेलकट घासून काढायचं, कोपरे गरम करून दुमडायचे. स्वस्तातलंही मिळतं, पण गॅसजवळ ते सुटून येतं म्हणाला. रंग पिवळा ठरवलाय, दारांच्या कडा गडद निळ्या. निम्मा खर्च तू उचलावास असं वाटतं.

भावजयीला आठवण सांग. माया आहेच तुझी, या महिन्यात ती जरा पैशांतही दिसू दे.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून बायकोला विचारलं, ताई बालवाडी काढतेय की काय? पिवळं आणि निळं! बाबांनी ती तपकिरी दारं निवडायला किती दुकानं पालथी घातली होती, विसरलीस? आमच्या डेपोत बसवर जाहिरातींचं विनाइल चढतं. दोन वर्षांत त्याचे कोपरे कान टवकारून उभे राहतात. त्यापेक्षा रंग मारून घे, पाव खर्चात होईल. आईला फोनवर सहज विचारलं, तर म्हणाली, तिला काही बदलायला नको, पण ताईचं मन मोडवत नाही.

खरं सांगू? ते घरच आता कशाला चालवायचं? आईने आमच्याकडे राहायला यावं, हे मी केव्हापासून सांगतोय. तुझीही शाळा सुटल्यावर तिच्याकडे रोजची धावपळ वाचेल. पैसे नाहीत असं नाही, पण नुसत्या हौसेला द्यायचे नाहीत.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र पाठव, तुझे राग वाचायला मजा येते.

तुझा गट्टू

१६ मार्च

चि. गट्टू यास आशीर्वाद.

हौस नव्हे. आईने मला शपथ घातली होती, ती आज मोडतेय.

तिची नजर मधोमध गेली आहे. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणाले, उरलेलं औषधाने टिकवू, गेलेलं परत येणार नाही. आता तिचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आण. ओटा काळा, दारं तपकिरी, खालची फरशीही त्याच वळणाची. दार उघडं आहे की बंद, तिला कळतच नाही. गेल्या महिन्यात वरच्या दाराचा कोपरा कपाळात घुसला, तीन टाके पडले. तुला फोनचा कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगितलं, ते त्यासाठी. एकमेकांत न मिसळणारे रंग वापरा, असं डॉक्टरांनीच सुचवलं. नमुन्याचे तुकडे मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेशी धरून तिने स्वतः निवडले. रंगकाम करायचं तर दोन-तीन हात द्यायचे आणि वास जाईपर्यंत चूल बंद. तेवढे दिवस तिला ओट्यापासून दूर ठेवून बघ तूच.

तुला कळलं की तू तिला उचलून नेशील, ही तिची भीती. तुझ्याकडे तिला काही कमी पडणार नाही, पण मीठ कुठे आहे ते रोज विचारावं लागेल.

आता द्यायचे तर दे, नाहीतर मी हप्त्याने करीन. काहीही केलंस तरी माझा लोभ तेवढाच.

तुझी ताई

२१ मार्च

ती. ताईस सा. न.

पत्र डेपोत वाचलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो. आधी तुझा राग आला, मग आईचा. मग जुन्या चष्म्याच्या काचांवर मधोमध ग्रीस फासलं आणि तो घालून चहा करायला गेलो. आमच्याकडे सगळं पांढरं. पांढऱ्या ओट्यावर पांढरा कप काही केल्या सापडेना, आणि सापडला तेव्हा पातेल्याला हात भाजला. बायको आधी हसली, मग तिनेच गॅस बंद केला. म्हणाली, आईंना इथे आणलंत तर त्या दिवसभर खुर्चीत बसून राहतील.

शनिवारी येतोय, चार दिवस. विनाइलवाल्याकडून चांगल्यातला रोल आणि गरम हवेचं मशीन तेवढं घेऊन ठेव. मजुरी मी करीन. बसवर विनाइल चढवणाऱ्यांकडून काम शिकून घेतोय. रोलचे सगळे पैसे माझे. आईला सांग, गट्टू चिक्कू आहे, मजुरी वाचवायला स्वतः येतोय. तिला लगेच पटेल.

आशीर्वाद असू दे, कोपरे सरळ बसायला लागेल तो.

तुझा गट्टू

८ एप्रिल

चि. गट्टू यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

जाड मार्करने लिहितेय. ओळ ओळीवर चढली तर सांभाळून घे.

तू मजुरी वाचवायला आलास, हे मी पहिल्या दुपारपर्यंत खरं धरलं. मग तू कपाटांतले डबे काढलेस, ओळीने मांडलेस आणि दारं बसल्यावर जिथला डबा तिथे ठेवलास. ज्याने जन्मात कधी टॉवेल जागेवर ठेवला नाही, तो हे करतोय म्हटल्यावर ताईने तोंड उघडलं हे कळलं मला. तरी चार दिवस आपण दोघं नुसतं कोपऱ्यांबद्दल बोललो.

दारं दिसतात आता. उघडं राहिलं की निळी कड हवेत उभी असते, मी बाजूने जाते. सिंकवरच्या दाराला तुझ्या हातची एक सुरकुती पडली आहे. असू दे.

तू गेल्यावर मी एक केलं. जिन्याच्या पायऱ्या मला सगळ्या एक होऊन दिसतात, उतरताना पाय चाचपडतो. म्हणून विनाइलवाल्याला मीच बोलावून घेतलं. पायऱ्यांवर कशाला, आजी, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, मला नीट दिसत नाही. हे मी माझ्या तोंडाने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं; डॉक्टरांना सगळं ताईच सांगायची. तो हळहळला नाही. साधं विनाइल घसरेल, खरखरीत पट्टी लावू, म्हणाला आणि किती रुंद हवी तेवढं विचारलं. मी तीन बोटं दाखवली. काल लावून गेला.

बोलले, आणि काही कोसळलं नाही. तर आता तुलाही सांगते, मला नीट दिसत नाही. पुढे आणखी कमी झालं तर तेही मीच सांगेन, ताईला शपथा घालणार नाही. तोवर मला न्यायचं मनात आणू नकोस.

सूनबाईला आशीर्वाद. लोभ आहेच. पत्र मात्र आता मला लिही, मोठ्या अक्षरात.

तुझी आई