मीठ आणि गळा

८ फेब्रुवारी, रविवार
विहारात गाण्यांचा सराव. बुद्धपौर्णिमा अजून लांब आहे, पण शालूवहिनींचं म्हणणं, गळा आत्तापासून तयार हवा. बसल्याबसल्या नेहमीप्रमाणे ज्येष्ठमधाची काडी हातावर ठेवली त्यांनी. दुसऱ्या कडव्यात डाव्या पोटरीत असा गोळा आला की भिंत धरून उभी राहिले. बायकांना वाटलं, मी गाण्यात रंगलेय. कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? पुढे गायची जागा जाईल म्हणून, बहुतेक. गेल्या पावसाळ्यात शा.व.चा आवाज बसला तेव्हापासून पुढे मी गाते. त्रेचाळिसाव्या वर्षी मिळालेली जागा, सहज सोडवत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार
शाळा सुटल्यावर खालापूरहून परस्पर कर्जतला, डॉ.बाईंकडे. दोन गोळ्या चालू असून बी.पी. १६४/१००. रक्तात पोटॅशियम २.९, साडेतीनच्या वर हवं. म्हणाल्या, "पेटके त्याचेच. पण बी.पी. गोळ्यांना ऐकत नाही आणि पोटॅशियमही कमी, म्हणजे हॉर्मोनची शंका घ्यायला हवी." मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी ग्रंथी असते. तिचा एक हॉर्मोन मीठ अंगात धरून ठेवतो, पोटॅशियम बाहेर टाकतो. तो जास्त झाला की असं होतं. कधी कधी ग्रंथीत गाठ असते. "कधी कधी" त्या हळूच म्हणाल्या, मला गाठ तेवढी ऐकू आली. गाठ असली तर कदाचित ऑपरेशन. पनवेलच्या तज्ज्ञांना चिठ्ठी दिली. पोटॅशियमचं औषध आजपासून. चव सांगण्यासारखी नाही.

मिलिंदला रात्री सांगितलं. तो साजगावच्या कारखान्यातून दुसरी पाळी करून आलेला. म्हणाला, "गाठ आहे असं कुठे म्हणाल्या? नीट आठव." नीट आठवलं. नव्हत्या म्हणाल्या.

१५ फेब्रुवारी, रविवार
बी.पी. निघाल्यापासून मीठ तोडलंय. सुकट बंद, पापड बंद, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर. मिलिंदच्या आई (सासूबाई) वैतागल्यात. "माज्या कालवनाला काय रोग झालाय का गं? निस्तं पानी प्यायल्यासारखं लागतं." मिलिंद गुपचूप वरून मीठ घेतो. काल शाळेत देशपांडेबाईंच्या डब्यातल्या लोणच्यातली कैरीची फोड खाल्ली. एक. मग दुसरीही. इथे नोंद करून ठेवते, नाहीतर आठवड्याने मलाच वाटेल की खाल्ली नव्हती.

२१ फेब्रुवारी, शनिवार
पनवेल. तज्ज्ञ माझ्यापेक्षा लहान. भरभर बोलतात, पण विचारलं की थांबून परत सांगतात. ग्रंथीचा तो हॉर्मोन म्हणजे अल्डोस्टेरॉन. त्याला कामाला लावायचा निरोप मूत्रपिंडाकडून जातो, त्या निरोपाचं नाव रेनिन. दोन्ही एकाच रक्तात मोजायचे. निरोप नसताना हॉर्मोन जोरात असेल तर ग्रंथी आपल्या मनाने चाललीय. मग सी.टी. स्कॅन वगैरे.

चाचणीआधी पोटॅशियम वर आलेलं हवं. बी.पी.च्या दोन्ही गोळ्या बदलल्या, जुन्यांनी आकडे बिघडतात. आणि मीठ तोडायचं नाही. मी दोनदा विचारलं. "हो, नेहमीसारखं खा. मीठ कमी केलंत तर रिपोर्ट फसवेल." बाहेर आल्यावर मिलिंद भिंतीला टेकून हसत राहिला.

"अजून काही औषध घेता?" "नाही." विचार करूनच सांगितलं.

२२ फेब्रुवारी, रविवार
आईंना बातमी कळली. दुपारी सुक्या बोंबलाचं कालवण, भाजलेला पापड. ताटाशी बसून मी जेवताना पाहत होत्या. "डाक्टर शाना हाय," म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. बोंबील खाताना गाठीची आठवण आली नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं थोडं वाईट वाटलं. पुरे.

७ मार्च, शनिवार
पोटॅशियम ३.८ झालं, म्हणून आज चाचणी. सकाळी उठल्यावर दोन तास आडवं व्हायचं नाही, चालतं-फिरतं राहायचं. मग खुर्चीत ताठ बसायचं आणि नंतर रक्त. बसल्याबसल्या गालात काडी धरून भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचलं. सवयच झालीय, पाच तास शिकवायचे तर घसा ओला लागतो. घरी आल्यावर विचार: मी मधे पाणी आणायला उठले, ते चाललं असेल का? फोन करून विचारलं. चाललं.

१५ मार्च, रविवार
रिपोर्ट मोबाइलवर आला. रेनिन कमी. अल्डोस्टेरॉनही कमी. परत परत वाचलं. निरोप नाही, हॉर्मोन नाही, मग मीठ धरून कोण ठेवतंय? तज्ज्ञांना फोन केला. "हे मला अपेक्षित नव्हतं. शनिवारी या. आणि जेवण सोडून जे जे तोंडात जातं, ते सगळं घेऊन या. औषध असो नसो."

मिलिंद म्हणाला, "सगळं म्हणजे सगळं नसतं गं." पण ते तसंच म्हणाले होते.

२१ मार्च, शनिवार
कापडी पिशवी भरून नेली. टूथपेस्ट, चहाचा मसाला, बडीशेप, खोकल्याची बाटली, आईंचं हिंगाष्टक (दोनदाच घेतलंय, तरी), पोटॅशियमची बाटली, गळ्याचं सामान. मिलिंद दोन खुर्च्या सोडून बसला होता.

"तुम्ही दुकानच आणलंत," डॉक्टर म्हणाले. एकेक काढून टेबलावर मांडत होते. ज्येष्ठमधाच्या काड्यांची पुडी आणि पावडरीचा डबा हातात आला, तिथे थांबले.

"हे किती घेता?"
"सकाळी काढा. दिवसभर काडी. सरावाच्या दिवशी जरा जास्त."
"कधीपासून?"
"गेल्या पावसाळ्यापासून. गाते ना मी."
"मी औषध विचारलं होतं तुम्हाला."
"हे औषध कुठंय? गळ्यासाठी असतं."

मिलिंदला खोकला आला.

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. ज्येष्ठमधात असं काही असतं की अंगातला दुसराच एक हॉर्मोन त्या मीठवाल्याचं काम करू लागतो. मीठ साठतं, पोटॅशियम जातं. मीठ पुरेसं आहे असं समजून मूत्रपिंड निरोप पाठवत नाही, ग्रंथी गप्प बसते. म्हणून दोन्ही कमी. सगळं जुळलं.

"मग गाठ नाही?"
"ते आज सांगता येणार नाही. ग्रंथी दबलीय. हे पूर्ण बंद करा. अंगातून परिणाम जायला काही आठवडे लागतील. ग्रंथी जागी झाली की परत मोजू. मापात चालली तर सुटलात. मापाबाहेर गेली तर पुढचं बघू."

कैरीच्या फोडी मोजत बसले मी. हे गोड होतं, म्हणून मोजायचं सुचलंच नाही.

२२ मार्च, रविवार
शा.व.ना सांगणं जड गेलं. त्यांनीच सवय लावली, मायेनं.

"म्हंजे मी तुला आजारी पाडलं?"
"नाही हो वहिनी."
"माजी सासू जलमभर चगळायची. काय झालं नाय तिला."
मग त्याच म्हणाल्या, "पन तू तर उसासारखं खायचीस. मी एक काडी चार दिवस पुरवते."

हेही खरं. थोडं बरं म्हणून जास्त अधिक बरं, असं मीच धरून चालले. इतरांना सांगावं की नाही, यावर वाटेत बराच खल केला. मी डॉक्टर नाही. पण शेवटी सांगितलं: ज्यांना बी.पी. आहे त्यांनी आधी विचारून घ्या. तिघींनी तोंडातल्या काड्या काढल्या. एकीने ती रुमालात गुंडाळून ठेवली.

५ एप्रिल, रविवार
आवाज खरखरीत. वरचा सूर लागेना, तिथे नुसती हवा. कोमट पाणी, खडीसाखर, शाळेत कमी बोलणं, सगळं करून झालं. सराव संपल्यावर म्हटलं, वहिनी, यंदा दुसऱ्या कुणाला पुढे घ्या.

"बस खाली. पळायला बगतीय." मग पेटीवर बसलेल्या त्यांच्या मालकांना, "अवो, काळी चार कशाला? काळी दोन धरा. तिचा गळा हाय, ट्रॅक्टर नाय."

काळी दोनमधे, खालच्या पट्टीत, बसलं. चढाई गेली, पण शब्द नीट ऐकू येतात. की मी स्वतःची समजूत घालतेय? मिलिंदला घरी गाऊन दाखवलं. म्हणाला, "आधी तू गायचीस, आता सांगतेस." हे चांगलं की वाईट, ते विचारलं नाही.

१८ एप्रिल, शनिवार
पनवेल. बी.पी. १३४/८४, एक गोळी कमी केली. पोटॅशियमचं औषध मधेच थांबवलं होतं, तरी ४.१. डॉक्टर खूश, पण हात राखून. "ज्येष्ठमधाचा वाटा मोठा होता हे नक्की. सगळाच तोच होता का, ते आता कळेल." पुढच्या शनिवारी परत तेच रक्त.

येताना चौकला उतरून वडापाव खाल्ला. मिरचीला मीठ लावलेलं होतं. खाल्ली. मन स्वस्थ.

२५ एप्रिल, शनिवार
रक्त दिलं. बसल्याबसल्या हात आपोआप पर्सच्या कप्प्यात गेला. खडीसाखर निघाली. रिपोर्ट शुक्रवारी येईल म्हणाले. शुक्रवारी बुद्धपौर्णिमा.

१ मे, शुक्रवार
संध्याकाळी पाचला मोबाइल वाजला, लॅबचा संदेश. मी पांढरी साडी नेसत होते. मिलिंद म्हणाला, "उघडू?"
"नको. आधी गाऊ दे."
"आतलं काही बदलणार आहे का?"
"नाही. पण मी बदलेन."
हा शहाणपणा की भित्रेपणा, ठरवता आलं नाही. त्याने फोन खिशात टाकला.

वंदना झाली, मग गाणी. तिसऱ्या गाण्यात आवाज चिरकला. थांबणार होते, तेवढ्यात मागून शा.व.नी तीच ओळ धरली, आपल्या बसक्या आवाजात, मग सगळ्या. पुढच्या ओळीला मी परत पुढे. आई पहिल्या रांगेत, डोक्यावर पदर, शेजारणीला मोठ्याने सांगत होत्या, "आमची हाय ती."

खीर वाटून, सतरंज्या घड्या घालून, चालत दहिवलीतल्या घरी. दारात चपला काढताना ध्यानात आलं. सगळा कार्यक्रम उभी होते. पोटऱ्यांनी काही कुरकूर केली नाही.

फोन टेबलावर आहे. उद्या सकाळी पनवेल. त्याआधी चहा पिताना दोघं मिळून उघडू.