धुराड्याचे पट्टे

हॅलर, ओक्लाहोमा
१२ नोव्हेंबर २०१५

चि. रॉयस यास वेल्डाताईचे आशीर्वाद. आज मन होत नाही, पण थोरल्या बहिणीला ते चुकत नाहीत.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पत्र. मंगळवारी दुपारी पुन्हा हादरा बसला आणि आमचं धुराडं कोसळलं. तुझे एमेट भावजी खालीच पाला ओढत होते. एमेटचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. नर्सवर खेकसतोय, म्हणजे जगेल.

आता तुझं कौतुक. गेल्या महिन्यात आमच्या चर्चच्या हॉलमध्ये कंपनीचा टाय लावून तू सांगितलंस की जमीन मुळातच चंचल असते. अरे, साठ वर्षं मी या गावात काढली, तिला हे कधी सुचलं नव्हतं! तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी तुम्ही गावाच्या उशाशी मैलभर खोल दाबायला लागलात आणि मग तिला पाय फुटले. किती पाणी दाबता, असं ओपल फिक्सिकोनं विचारलं, तर तू म्हणालास, बाई, ही तांत्रिक बाब आहे. गाढवा, गावाचं पाणीखातं तिनं तीस वर्षं सांभाळलंय.

डिसेंबरात राजधानीत सुनावणी आहे. मी बोलणार आहे.

लोभ आहे. आदर कुठे ठेवलाय ते शोधावं लागेल.
वेल्डा

टल्सा
१९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

भावजींचं वाचून वाईट वाटलं. फळांची टोपली पाठवलीय. कार्डावर कंपनीचं नाव आहे, तेवढं मनाला लावून घेऊ नकोस.

ताई, तू जन्मभर पोरांना शुद्धलेखन शिकवलंस, भूगर्भशास्त्र नव्हे. कुणी प्रोफेसर येऊन दोन नकाशे दाखवतो आणि तुम्ही माना डोलावता. पाण्याचा आणि हादऱ्यांचा संबंध सिद्ध झालेला नाही. सुनावणीला जाऊ नकोस. पेपरात फोटो आला तर साहेबांना मी काय तोंड दाखवू?

एक मात्र काळजीपोटी सांगतो. नवं धुराडं बांधाल तेव्हा लोखंडी पट्टे आवळून घ्या. आम्ही उन्हाळ्यातच घेतले. ऑफिसातल्या सगळ्यांनीच घेतले, माणूस साहेबांनीच सुचवला.

राग धर, पण माया सोडू नकोस.
तुझा रॉयस

हॅलर
११ डिसेंबर

चि. रॉयसला आशीर्वाद, आज अगदी मनापासून.

काल सुनावणी झाली. तुमचा वकील म्हणाला की असा धोका कुणाच्या स्वप्नातही नव्हता. मग माझी पाळी आली. भाषण लिहून नेलं होतं, ते पर्समध्येच राहू दिलं आणि तुझ्या पत्रातला पट्ट्यांचा मजकूर वाचला. आधी ओपल हसली, आणि मग सगळा हॉल. अध्यक्षबाईंनी पत्र ठेवून घेतलं.

धाकट्या भावाचं पत्र चारचौघांत वाचताना लाज वाटली, खोटं कशाला सांगू? पण एमेटला उठवून बसवताना तो ओठ चावतो ना, ते आठवलं आणि लाज गेली. चुकला असतात तर माफ केलं असतं. तुम्हांला ठाऊक होतं. आपापली घरं आवळून घेतलीत आणि आम्हांला जमिनीचा स्वभाव शिकवायला आलात. थू!

लोभाचं पुढे बघू.
वेल्डा

टल्सा
२० जानेवारी २०१६

ताईस नमस्कार.

तू ते वाचलंस, हे मी विसरणार नाही. तुझी भावजय शेल्बी तर घरात तुझं नाव काढू देत नाही.

वकिलानं मला बोलावलं होतं. म्हणाला, सोपं आहे. बहीण म्हातारी, नवऱ्याच्या अपघातानं डोकं फिरलेलं, पत्र तिनंच रचलं असं लिहून द्या. कागद टाइप करून तयार होता, फक्त माझी सही राहिली होती. साहेबांनी स्वतः उठून मला कॉफी ओतून दिली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. माझी लायकी त्यांना एका कपात मावेल असं वाटलं, आणि खरं सांगतो, तोवर ती मावतही होती.

मी म्हणालो, अक्षर माझं आहे, आणि माझी बहीण पूर्ण शुद्धीवर आहे.

तासाभरात टेबल रिकामं करायला सांगितलं.

तुमच्या गावाजवळच्या, खारं पाणी दाबायच्या दोन विहिरी बंद करायचा हुकूम निघालाय, ते ऐकलं असशील. पण म्हणून गावात पेढे वाटत सुटू नका. आत दाबलेलं पाणी आतच आहे. हादरे अजून वर्षभर तरी येतील, कदाचित मोठेही. भावजींची खाट विटांच्या भिंतीपासून लांब सरकव, आजच.

ताई, हेही आम्हांला पहिल्यापासून ठाऊक होतं.

म्हणवत असेल तर, तुझा भाऊ,
रॉयस