अहोचं अरे

४ फेब्रु. ९१, सोम.
ठाण्याच्या डॉ.नी आज सांगून टाकलं. पोटातलं पसरलंय, पुन्हा ऑपरेशन नाही. वर्ष, फार तर दीड. हे तिथेच रडले. मी बाहेर येऊन आधी वडापाव खाल्ले, दोन. पथ्य संपलं एकदाचं.

७ फेब्रु., गुरु.
काय काय राहिलं, त्याचा विचार करतेय. काशी नको, साडी नको. दोनच गोष्टी निघाल्या. एक, ह्यांना अरे म्हणून नावाने हाक मारायची. एकोणतीस वर्षं अहो अहो करून कंटाळा आला. दोन, ह्यांच्या कुशीत निजायचं. डोंबिवलीच्या जागेत ते कुठे जमणार? खोलीत अजय नि सूनबाई, स्वयंपाकघरात मी नि नात, गॅलरीत हे. अजयच्या लग्नापासून असंच.
दुधाच्या रांगेत ह्यांना दोन्ही सांगितलं. कान लाल झाले. "लोक ऐकतायत," म्हणाले. नाही मात्र म्हणाले नाहीत.

११ फेब्रु., सोम.
घरी सांगितलं, तपासणी आहे. होतीच, अकराला संपली. मग खोपटला, एसटी डेपोजवळच्या लॉजवर. हे नुसते घाम पुसत उभे. मी म्हटलं, "अरे मधू, सही कर ना." तीच घाई नडली. मॅनेजरने पेन काढून घेतलं. "बाई, नवऱ्याला कोण अरे-तुरे करतं? ही लफडी इथे नाय चालत."
एक्कावन्नाव्या वर्षी लफडं! मला हसू आवरेना. मंगळसूत्र दाखवलं तर म्हणे, ते सगळ्याच घालतात. शेवटी पिशवीतून हॉस्पिटलची फाईल काढली. वर माझं नाव, पुढे ह्यांचं. त्याने आतलंही पान वाचलं. पेन परत दिलं. वरची हवेशीर खोली दिली, चहा पाठवू का विचारलं. म्हटलं, चारपर्यंत कुणी दार वाजवू नका.

१२ फेब्रु., मंगळ.
कालचं राहिलेलं. दार लावून दोघं खुर्च्यांवर बसलो, मुलगी बघायला आल्यासारखे. मग त्याने चष्मा काढून ठेवला. मी पोटावरचा व्रण झाकायला गेले तर माझा हात बाजूला केला. पुढचं लिहीत नाही. फार छान झालं. ते सगळं कधीच संपलं असं मी धरून चालले होते. नंतर कुशीत पडून त्याला वीसेक हाका मारल्या, दर वेळी ओ दिली.
सूनबाई म्हणते, आई, चेहरा उजळलाय, औषध लागू पडतंय. हसू दाबायला मोरीत गेले.

१७ फेब्रु., रवि.
जेवताना सगळ्यांसमोर तोंडातून गेलं, "मधू, आमटी वाढू तुला?" अजयचा घास हातातच राहिला. ह्याने शांतपणे वाटी पुढे केली.
दुपारी गॅलरीत म्हणाला, "आई गेल्यापासून मला अरे म्हणणारं कोणी नव्हतं. आता सवय लावलीस. तू गेलीस की?"
आहे तोवर ऐकून घे म्हटलं. बराच वेळ हात धरून बसला. मग विचारलं, पुढची तपासणी कधी?
म्हटलं, महिन्याने.
म्हणाला, "अलीकडची तारीख नाही मिळणार?"