मामा नहरावर बसला आहे

३ नोव्हेंबर
ठरलं. रोज एक लेख लिहायचा अन् कच्चाच गावच्या ग्रुपवर टाकायचा. सुधारत बसलो म्हणूनच आजवर एकही लेख पुरा झाला नाई. आता जेवढा झाला तेवढा सेंड. राईस मिलचा हा कारकून मुडदे पाडणार!

४ नोव्हेंबर
‘आळस’ टाकला. अर्धाच. कोणी वाचला नाई. वरून शेजारच्या दिनेशनं त्याखाली खताची जाहिरात टाकली. गळा दाबावा वाटला त्याचा. बायको नंदिनी म्हणते, शेवट तरी लिहा. तिले साहित्य कळत नाई.

६ नोव्हेंबर
ब्रह्मपुरीहून सासरे आले. म्हणजे माझे सख्खे मामाच. विषय घरी चालून आला!

७ नोव्हेंबर, सकाळी
मामा ब्लँकेट पांघरून नहरावर बिडी ओढून राह्यले. खिडकीतून पाहून लिहिलं: ‘मामा नहरावर झुडपात बसला आहे. पोट खपाटीला. डोळे लाल. आज कोणाले सोडणार नाई.’ एकेरी लिहिलं की दम येते. चहा आला. सेंड.

थोड्या वेळानं
सगळ्यांनी वाचला! वाचक लाठ्याकुऱ्हाडी घेऊन नहराकडे धावले. आमच्या गावात वाघाचं नाव घेत नाई, त्याले ‘मामा’ म्हणते. माहीत हाये मले. पण संदर्भ पाहाल का नाई, बैलांनो?

दुपारी
मामाचा हात मोडला. डोक्याले टाके. पहिली लाठी दिनेशची. ब्लँकेट हललं म्हणे. दिनेश बसून रडून राह्यला. मागच्या साली त्याच्या मायले वाघानं धानाच्या बांधीतून नेलं होतं. वाईट वाटलं. पण लेखात ताकद होती, हे मानावंच लागते.

९ नोव्हेंबर
मामा गावाले गेले. नंदिनीही संग गेली. लिहा आता पोटभर, म्हणाली. घर खायला उठलं. नातेवाईकांच्या ग्रुपवर लेख सुरू केला: ‘मामा गेले.’ रडू आलं, पुढं सुचलं नाई. सेंड.

१० नोव्हेंबर
ब्रह्मपुरीले पांढरे कपडे घालून पाहुणे जमले. अंत्यविधीले भंतेजीही आले. मामा ओसरीत चहा पिऊन राह्यले होते. दोन्ही साळे जीप घेऊन इकडे निघाले म्हणे. समजावून सांगीन.

१२ नोव्हेंबर
डाव्या हातानं लिहितो. समजावता आलं नाई. साळ्यांनी अंगणात लाथाबुक्क्यांनी तुडवलं, उजवा हात मोडला. सोडवलं कोणी, तर दिनेशनं. दवाखान्यात नेताना म्हणाला, माझ्या मायवर लिहजो भाऊ, पण पुरा लिहजो.

१३ नोव्हेंबर
‘दिनेशची माय सकाळी बांधीत गेली.’ खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं. आज काहीच पाठवलं नाई.